कामाला येणाऱ्या बाईचे लाडू

लाह्या सादळतात, राग सादळत नाही, असं महानंदाअक्का म्हणायच्या. पावसाळी हवा लागली की दोन दिवसांत लाह्या चामट होतात. म्हणून त्या पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि झाकणाखाली फडकं घालायचं. रागाला असलं काही लागत नाही. "त्यो उघड्यावर बी कुरकुरीत ऱ्हातो, बाई," असं त्यांनी मला ओळख झाल्यावर आठवड्याभरातच सांगितलं होतं. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

यंदा नागपंचमीच्या आधी नांदेडच्या बाजारात एका दुकानासमोर पॉपकॉर्नचे लाडू रंगीत कागदात गुंडाळून मांडलेले दिसले आणि मला अक्का आठवल्या. एक लाडू घेतला. गोड होता, पण नुसताच गोड.

मी शिक्षिका. नांदेडहून बदली होऊन लातूरला गेले तेव्हा अक्कांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मधे एकच भिंत, आणि दोन्ही घरांपुढं एकच लांब ओटा. अक्का साठीच्या आसपास असतील. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नवरा डाळमिलमध्ये कामाला होता, तो मुलगी सहावीत असतानाच गेला. तेव्हापासून अक्का उन्हाळ्यात शेवया-पापड आणि पावसाळ्यात लाह्या करून विकायच्या. त्यावर त्यांनी शैलाला नर्स केलं. शैला लग्न होऊन नांदेडला राहत होती.

मी राहायला गेले त्याच आठवड्यात पंचमी होती. आदल्या दिवशी भावाचा उपास. गल्लीतल्या सगळ्या बाया उपाशी. मी पण होते. सकाळी दहाच्या सुमारास ओट्यावर आले तर अक्का बरोबर मधोमध पाट टाकून बसलेल्या. पुढ्यात ताट, ताटात भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदा. आल्या-गेल्याला दिसेल अशा बेतानं त्या सावकाश जेवत होत्या.

"अक्का, आज उपास नाही का तुमचा?" मी विचारलं.

"न्हाई."

"भाऊ नाही तुम्हाला?"

"हाय की. जळकोटला हाय. धडधाकट हाय." त्यांनी कांद्याची पाकळी ठेच्यात बुडवली. "म्हणून तर पोटभर जेवून राहिले."

समोरून जाणारी एक म्हातारी थांबली नाही, चमकलीही नाही. गल्लीला हे दर वर्षीचं होतं.

दुपारी त्यांनी मला लाह्या फोडायला हाक मारली. पंचमीच्या दिवशी चुलीवर तवा-कढई ठेवायची नाही, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरकायचं. ज्वारी आधीच तयार होती. गरम पाणी शिंपडून, ओल्या फडक्यात रात्रभर बांधून, सावलीत सुकवलेली. लोखंडी कढई अशी तापवायची की पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जावा. मग मूठभर ज्वारी टाकायची, वर फडक्याचा बोळा फिरवायचा, आणि तडतड सुरू झाली की हात भाजला तरी थांबायचं नाही. पांढऱ्याशुभ्र लाह्या कढईबाहेर उड्या मारायच्या. ज्वारीनंतर मका. त्याच्या लाह्या मोठ्या, पोरांच्या आवडीच्या. दोन्ही एकत्र करून, त्यात डाळं आणि शेंगदाण्याचा भरडा घालून, वर सुंठ टाकलेला गुळाचा पाक. हाताला पाणी लावून लाडू वळायचे, तेही पाक गरम आहे तोवरच. अक्का पाकात बोटं घालायच्या तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा.

सगळ्यात वेळ जायचा तो चाळण्यात. कितीही चांगली ज्वारी घेतली तरी काही दाणे फुटत नाहीत, काळे टणक राहतात. आम्ही त्यांना गणंग म्हणतो. चाळणीतून खाली पडतात ते पडतात, उरलेले हातानं वेचायचे. अक्का एकेक गणंग चिमटीत धरून डोळ्यांपुढं न्यायच्या.

"हा बघा. भीमाशंकर."

आणि दारातल्या गटारात टाकायच्या. पुढचा धरायच्या. "हा बी भीमाशंकर." गटारात. अर्धा तास हे चाललं होतं. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

भीमाशंकर हे त्यांच्या भावाचं नाव होतं. अक्का त्याला अण्णा म्हणायच्या, गाव अप्पा म्हणायचं.

त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. गुळाचे हात धूत, अगदी साध्या आवाजात.

शैलाचा जन्म झाला तेव्हाच भीमाशंकरअण्णा म्हणाला होता, ही माझी सून. आमच्याकडं भावाच्या घरी मुलगी देण्यात नवल काही नाही. त्याच्या राजकुमारला आणि शैलाला सगळं गाव नवरा-नवरीच म्हणायचं. अक्कांचा नवरा गेल्यावर तर तो शब्द हाच त्यांचा आधार होता. शैला बारावी झाली त्या वर्षी दोघी मायलेकी पंचमीला जळकोटला गेल्या. लग्न दिवाळीनंतर उरकायचं असं अक्का धरून चालल्या होत्या.

आदला दिवस होता. भावासाठी पहाटेपासून पाण्याचा घोटही न घेता अक्का त्याच्या स्वयंपाकघरात लाह्या फोडत होत्या. वहिनीचे गुडघे दुखायचे, म्हणून सगळं काम अक्कांनीच अंगावर घेतलेलं. दुपारी बाहेरच्या खोलीत माणसं आली. उदगीरची, चांगली सुखवस्तू. अण्णा आत येऊन म्हणाला, "पाव्हणे हायत, ताजे लाडू दे." अक्कांनी वळले. शैलानं पाणी नेलं. लाडू अक्का स्वतः घेऊन गेल्या, ताट मधे ठेवलं आणि दाराच्या आत येऊन उभ्या राहिल्या.

पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "काय लाडू हायत हो! कुणी केले? ह्या तुमच्या कोण?"

अण्णा म्हणाला, "कामाला येती एक बाई. तिची पोरगी हाय ती पाणी आणलेली."

"मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलून राहिला," अक्का मला म्हणाल्या. "मी मागं वळून बघितलं, बाई. मागं कुणी न्हवतं."

ते लोक राजकुमारला बघायला आले होते. बहीण म्हटलं असतं तर बहिणीच्या मुलीचा विषय निघाला असता, आणि गावभर झालेला शब्द पाहुण्यांच्या कानावर गेला असता. एवढ्यासाठी त्यानं बहीण पुसून टाकली.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी खाली मान घालून बसली होती. तिच्यासमोर अक्कांनी परातीतल्या लाह्या मुठीनं उचलल्या आणि तोंडात कोंबल्या. भावाचा उपास भावाच्या घरात मोडला. मग शैलाचा हात धरला आणि स्टँडवर आल्या. "हात धुवायचे राहिले. गुळाला माशा लागल्या होत्या लातूर येईस्तोवर."

 हात पुसून अक्कांनी पाकिटांचा गठ्ठा आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

"तुमचं अक्षर चांगलं असंल. मास्तरीण हाव तुमी. माझं वाकडंतिकडं येतं, लोकांना वाचाया तरास होतो."

"काय लिहू?"

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सव्वीस पाकिटं, सव्वीस वेळा: 'पंचमीची भेट. भीमाशंकरअप्पांच्या घरी कामाला येणारी बाई, महानंदा हिच्याकडून.'

जळकोटच्या त्या गल्लीत सत्तावीस घरं होती. एक सोडून प्रत्येक घराला एक पाकीट. दर पंचमीला, आणि पुन्हा दिवाळीला मक्याच्या लाह्यांचे. राजकुमारच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पंचमीपासून हे सुरू होतं, आणि मी तिथं गेले तेव्हा त्याला दहा-बारा वर्षं झाली होती.

माझ्या दुसऱ्या वर्षी पंचमीला मी त्यांच्याबरोबर गेले. बघायची उत्सुकता होती, खोटं कशाला बोलू. पहाटेची गाडी पकडून, मांडीवर दोन मोठ्या पिशव्या घेऊन आम्ही निघालो. अक्का नवी इरकल नेसल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी पदर सारखा केला आणि पहिल्या दारात हाक दिली, "लाह्याचे लाडू आणलेत ओ!"

बाया वाटच बघत होत्या. एकीनं बसायला पाट दिला, दुसरीनं चहा ठेवला. एका घरातल्या शाळकरी पोरीनं पाकिटावरचं मोठ्यानं वाचलं. माझं अक्षर, तिचा आवाज. तिची आजी हसत म्हणाली, "अगं महानंदे, आता पुरं की. समद्या गावाला पाठ झालंय."

"पाठ झालं तर परीक्षा घेते," अक्का म्हणाल्या.

भीमाशंकरअप्पाचं घर गल्लीच्या मधोमध होतं. तो ओट्यावर पेपर वाचत बसला होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, देखणा म्हातारा. गावात भांडणं मिटवायला पूर्वी त्यालाच बोलवायचे. आता कुणी बोलवत नव्हतं. बोलवलंच तर समोरचा माणूस म्हणायचा, अप्पा, आधी तुमच्या कामाच्या बाईचा निकाल लावा. आम्हाला बघताच तो उठला आणि आत गेला. अक्का त्याच्या दाराकडं न बघता पुढं सरकल्या, आणि शेजारच्या दारात नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडल्या.

तेवढ्यात त्याच्या घरातून पाचेक वर्षांची एक मुलगी पळत आली. राजकुमारची असावी. तिनं अक्कांसमोर हात पसरला.

"मला?"

अक्का खाली बसल्या. तिच्या झिपऱ्या कानामागं सारल्या. अगदी मायेनं. "देते की. आधी आजोबाला इचारून ये, ही बाई आपली कोण लागते. त्यानं सांगितलं की दोन देते."

मुलगी पळत आत गेली. आम्ही उन्हात थांबलो. बऱ्याच वेळानं ती उंबऱ्यापर्यंत आली. "आजोबा म्हणले, आत ये," असं सांगून ती तिथंच घुटमळली. कुणीतरी तिला आत ओढलं आणि दार लागलं.

"अक्का, लेकरू आहे," मी म्हणाले. "तिचा काय दोष?"

"माझी शैला बी लेकरूच होती," त्या म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडं चालू लागल्या.

परतताना मी त्यांच्या शेजारी न बसता मागच्या बाकावर बसले. चाकूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी केळी घेतली आणि मला दोन दिली. माझा राग त्यांना कळला होता, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती.

शैलाला हे काहीच पसंत नव्हतं. ती दिवाळीला आली की दोघींची जुंपायची, आणि मधली भिंत पातळ होती.

"आई, मला राजकुमार नकोच होता. तू कधी विचारलंस का मला?" एकदा शैला ओरडली. "त्या दिवशी स्टँडवर मला सुटल्यासारखं झालं होतं. माझ्यासाठी करत असशील तर बंद कर."

"तुझ्यासाठी कोण करून राहिलंय?" अक्कांचा आवाज चढला नाही. "तुझं चांगलंच झालं. माझ्यासाठी करते मी. एका आईच्या पोटचे आमी. त्यानं मला बहिणीचं नाव बी ठेवलं न्हाई."

 

चौथ्या वर्षी पंचमीच्याच दिवशी भीमाशंकरअप्पा लातूरला आला. पंचमीला अक्का जळकोटहून परतल्या की दुपारनंतर गल्लीतल्या बाया त्यांच्या घरी जमायच्या. भिंतीवर गेरूनं काढलेल्या नागाची पूजा व्हायची, मग लाह्या, लाडू, गाणी. पंधरा-वीस बाया आत बसलेल्या, मी ताटं भरत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर तो. दोन वर्षांत फार वाळला होता. हातात काठी आणि साडीची पिशवी.

गाणं थांबलं. अक्का उठल्या नाहीत.

"महानंदा," तो म्हणाला, "झालं गेलं इसर आता. साडी आणलीय तुला."

"बसा, भीमाशंकरअप्पा." परक्या माणसाला म्हणावं तसं.

तो उंबऱ्याजवळ टेकला. थोडा वेळ काठी फिरवत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ती पाकिटं तेवढी बंद कर. लोकं हसून राहिलेत. घरात सुनंसमोर मान वर करता येईना."

मला वाटतं, इथं तो चुकला. तो जर नुसता 'चुकलो' म्हणाला असता तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनात घोळवलंय. पण तो लोकांसाठी आला होता, आणि अक्कांच्या ते ताबडतोब लक्षात आलं. त्या उठल्या. लाडवांचं भरलेलं ताट माझ्या हातातून घेतलं आणि त्याच्या हातात दिलं.

"वाटा."

त्यानं वर बघितलं.

"पाव्हण्या बाया हायत. ताजे लाडू हायत. वाटा."

तो उठला. काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हातांत ताट धरून तो एकेकीसमोर वाकत गेला, आणि प्रत्येक बाई खाली बघत एक लाडू उचलत गेली.   शेवटी कोपऱ्यात एक नवी सून बसली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं लाडू घेतला आणि सहज विचारलं, "अक्का, हे कोण हो?"

 अप्पानं डोळे मिटले. अक्कांनी चांगला वेळ जाऊ दिला.

"माझा भाऊ हाय," त्या म्हणाल्या. "सख्खा. थोरला."

अप्पाच्या हातातलं ताट एकदम कललं आणि लाडू जमिनीवर घरंगळले. शिव्या दिल्या असत्या, हाकललं असतं, तर त्यानं सोसलं असतं. हे त्याला सोसलं नाही. तो खाली बसून लाडू गोळा करू लागला. मी पुढं झाले तर अक्कांनी मला हातानं थांबवलं. सगळे गोळा होईपर्यंत थांबवलं.

जाताना तो एक लाडू हातात धरून म्हणाला, "ह्यो एक घेऊ का, महानंदा?"

"नको," अक्का म्हणाल्या. "आणि साडी घेऊन जा. तुमच्याकडं कामाला बाई असंल, तिला द्या."

तो लाडू ताटात ठेवून गेला. काठी भिंतीलाच राहिली होती. ती द्यायला मी मागं पळाले, तर म्हातारा गल्लीच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला धरून उभा होता. काठी घेतली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

परत आले तेव्हा गाणी सुरू झाली होती. अक्का टाळ्या वाजवत होत्या. माझा चेहरा बघून त्या जवळ आल्या.

"कीव आली का, बाई? येऊ द्या. तुमचा भाऊ न्हाई तो."

त्या दिवाळीला पाकिटं पुन्हा गेली. मी लिहायला नकार दिला. त्यांनी काही न बोलता गठ्ठा उचलला आणि समोरच्या घरातल्या कॉलेजच्या पोरीकडून लिहून घेतलं. माझ्याशी बोलणं तसंच राहिलं. ताकाचा तांब्याही रोज येत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळीच राजकुमारचा फोन आला. अप्पा गेले. माझी नांदेडला बदली झाली होती, सामान बांधायचं चाललं होतं. अक्का दारात येऊन म्हणाल्या, "शैलाला ड्युटी हाय. तुमी येता का?" मी गेले.

जळकोटला पोचलो तेव्हा लिंगायतांच्या रीतीनं त्याला मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. वहिनी अक्कांना बघून उठायला लागली, गुडघ्यांनी उठता येईना. "अक्का, या," एवढंच म्हणाली. राजकुमारनं त्यांच्या हातात बेलाचं पान दिलं. गल्लीतल्या सव्वीस घरांचं माणूस तिथं हजर होतं आणि सगळे अक्कांकडंच बघत होते. अक्का पुढं गेल्या, पान त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. कुणीतरी हळूच बाजूला घेईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मातीला सगळ्यांबरोबर त्यांनीही मूठ टाकली आणि आम्ही निघालो.

गाडीत अक्कांना खिडकीची जागा मिळाली. पलीकडं एक अनोळखी बाई बसली होती, बोलकी.

"कुठून आलाव, माय?"

"भावाच्या मातीहून."

"अगं माय! थोरला का धाकटा?"

"थोरला."

"लई वाईट झालं."

अक्का खिडकीबाहेर बघू लागल्या. नांगरून पडलेली काळी रानं मागं पळत होती.

"हाव," त्या म्हणाल्या. "अजून धा-पंधरा वर्सं जगाया पायजे होता."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अक्कांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि अक्कांनी तो फिरवू दिला. मी मान दुसरीकडं वळवली.

लातूरला उतरलो तेव्हा भर दुपार होती. मी रिक्षा बघत होते, पण अक्का थांबल्या नाहीत. पदर खोचला, रस्त्यावर उतरल्या, आणि समोरून भरधाव येणाऱ्या ट्रककडं न बघताच त्यांनी एक हात वर केला. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. अक्का त्याच चालीनं, ताठ मानेनं, रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या.